नान्सेनचा कागद आणि सरदाराबादचे पाणी

एप्रिलच्या चोविसाव्या तारखेला आमच्या अकोल्यात फारसे काही घडत नाही. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो. दुपारी बारानंतर जठारपेठ चौकात चिटपाखरू दिसत नाही आणि कूलरच्या टाकीत पाणी ओतणे हाच दिवसातला मोठा उद्योग असतो. पण याच तारखेला येरेवानपासून बैरुतपर्यंत आणि मार्सेयपासून लॉस एंजेलिसपर्यंत विखुरलेले आर्मेनियन लोक हातातले काम बाजूला ठेवून आपल्या मृतांची आठवण करतात. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री कॉन्स्टँटिनोपल शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, आर्मेनियन समाजातले कवी, संपादक, वकील, डॉक्टर, धर्मोपदेशक अशी अडीचशेच्या आसपास माणसे घरातून उचलून नेण्यात आली. त्यांतली बहुतेक परत आली नाहीत. मग अनातोलियातल्या गावागावांतून आर्मेनियन कुटुंबांना बाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आले. पुरुष बहुधा वाटेच्या सुरुवातीलाच मारले गेले. बायका, म्हातारी माणसे आणि पोरे भूक, तहान, रोग आणि लुटारू यांच्या हवाली झाली. देर-एझ-झोर हे वाळवंटातले नाव आर्मेनियन घरांत आजही दबक्या आवाजात घेतले जाते. मेलेल्यांची संख्या कोणी आठ लाख सांगतो, कोणी पंधरा लाख. दहा लाखांच्या पुढे ती गेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. तुर्कस्तानचे सरकार याला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही.

ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली ती इतिहासाच्या पुस्तकात नव्हे. माझी नोकरी शेतकी खात्यात गेली आणि त्यातली बरीचशी वर्षे पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या आपल्या खारपाणपट्ट्यात गेली. विहिरीला पाणी आहे पण ते पिकाला देता येत नाही, माणसाला पिता येत नाही, हे दुःख ज्याने पाहिले त्याला जगात इतरत्र कोरड्या जमिनीचे काय केले जाते याची उत्सुकता लागतेच. त्या नादात आर्मेनियातल्या कालव्यांविषयी लिहिलेले, १९२८ साली इंग्रजीत आलेले एक पुस्तक हाती पडले. लेखकाचे नाव फ्रित्यॉफ नान्सेन. हे नाव मला ठाऊक होते, पण ते भूगोलातले, उत्तर ध्रुवाच्या प्रकरणातले. बर्फावरून चालणारा हा नॉर्वेजियन गडी कापूस, कालवे आणि निर्वासित यांच्यावर पुस्तक कशाला लिहितो, असा प्रश्न मला पडला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तो माणूस माझ्या मनात घर करून बसला, तो अजून उठलेला नाही.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, नॉर्वेच्या राजधानीजवळचा. त्या शहराला तेव्हा ख्रिस्तियानिया म्हणत, आता ऑस्लो म्हणतात. वडील वकील, घर सुखवस्तू पण शिस्तीचे. पोरगा पायाला लाकडी पट्ट्या बांधून बर्फावर घसरण्यात तरबेज. शिकला प्राणिशास्त्र. बर्गेनच्या संग्रहालयात नोकरी करताना मज्जातंतूंच्या सूक्ष्म रचनेवर त्याने जे काम केले ते त्या शास्त्राच्या आरंभकाळातले मोलाचे काम मानले जाते. पण सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून जन्म काढणारा हा प्राणी नव्हता.

१८८८ मध्ये त्याने ग्रीनलंडचे बर्फाचे पठार आडवे ओलांडले. त्याच्या आधीचे लोक वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरत आणि जमले नाही की परत फिरत. नान्सेनने उलटे केले. तो निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरला आणि पश्चिमेकडे निघाला. मागे काहीच नव्हते, त्यामुळे परत फिरण्याचा प्रश्नच मिटला. बरोबर पाच सोबती. हा स्वभाव लक्षात ठेवावा, कारण पुढे जिनिव्हाच्या दिवाणखान्यांत हाच माणूस याच पद्धतीने वागला, आणि तिथे मात्र त्याचा पाय बर्फापेक्षा कागदांत जास्त रुतला.

‘फ्राम’ जहाजाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. सैबेरियाच्या बाजूला बर्फात चिरडलेल्या एका जहाजाचे अवशेष काही वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून नान्सेनने ताडले की ध्रुवाकडचा बर्फ स्थिर नाही, तो वाहतो. तेव्हा बर्फाशी भांडायचे कशाला? त्यातच जहाज अडकवून घ्यावे आणि बर्फानेच ते न्यावे! जाणत्या लोकांनी त्याला वेड्यात काढले. त्याने गोलसर बुडाचे जहाज बांधून घेतले, असे की बर्फाने दाबले तर ओल्या मुठीतून आंब्याची कोय निसटावी तसे ते वर उचलले जावे. १८९३ च्या जूनमध्ये तेरा माणसे निघाली. तीन वर्षे जहाज बर्फाबरोबर वाहत राहिले आणि सगळे सुखरूप परतले. मधेच, १८९५ च्या मार्चमध्ये, जहाज ध्रुवावरून जाणार नाही हे दिसताच नान्सेन आणि याल्मार योहान्सेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत ते पोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेले नव्हते.

परतताना हिवाळा गाठला. फ्रान्झ योझेफ लँड नावाच्या बेटांवर दगड रचून, वर वॉलरसचे कातडे टाकून त्यांनी बीळ केले आणि अस्वलाच्या मांसावर सारा हिवाळा काढला. गंमत अशी की नान्सेनचे वजन या उपासमारीच्या प्रदेशात वाढले. आणखी एक गंमत मला फार आवडते. एकाच झोपण्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने निजणारे हे दोघे एकमेकांना अहो-जाहो करीत होते. १८९५ ची अखेरची रात्र उगवली तेव्हा कुठे त्यांनी अरे-तुरेवर यायचे ठरवले. आपल्या जुन्या वऱ्हाडी घरांतले व्याही-व्याही आठवावेत असा हा प्रकार.

घरी आल्यावर कीर्ती, पैसा, प्राध्यापकी सगळे चालून आले. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्यात नान्सेनने पुढाकार घेतला. मग लंडनला वकील म्हणून दोन वर्षे. त्याच काळात पत्नी एव्हा गेली. दक्षिण ध्रुवाचे स्वप्न त्याच्या मनात होते, पण ‘फ्राम’ त्याने तरुण आमुंडसेनला दिले आणि दक्षिण ध्रुव आमुंडसेनने गाठला. त्यानंतर काही वर्षे नान्सेन घरात येरझारा घालणारा, उदास, थोडासा तिरसट प्रोफेसर होता. पहिले महायुद्ध संपले तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाला माणूस पेन्शनचे कागद तयार करू लागतो. नान्सेनचे खरे काम इथून सुरू झाले.

१९२० मध्ये नव्याने जन्मलेल्या राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना घरी पोचवण्याचे काम सोपवले. युद्ध संपून दीड वर्ष झाले होते आणि लाखो माणसे अजून सैबेरियाच्या आणि युरोपच्या छावण्यांत कुजत होती. बोल्शेविक सरकारशी कोणी बोलायला तयार नाही, म्हणून त्यांना सोडवणारे कोणी नाही. नान्सेन बोलला. जहाजे मिळवली, रेल्वे मिळवल्या, आणि १९२२ पर्यंत चार लाख सत्तावीस हजारांवर माणसे आपापल्या घरी गेली. मग १९२१ चा रशियातला भीषण दुष्काळ. राष्ट्रसंघाच्या सभेत त्याने मदतीसाठी हात पसरले आणि मोठ्या राष्ट्रांनी हात आखडता घेतला, कारण भुकेल्याला अन्न दिले तर लेनिनचे राज्य टिकेल! नान्सेनने दुष्काळाच्या चित्रांच्या काचा घेऊन गावोगाव व्याख्याने दिली. अन्नाचा मोठा वाटा अमेरिकेने उचलला हे खरे, पण युरोपच्या मनाला टोचणी लावली ती या माणसाने. १९२२ चे शांततेचे नोबेल त्याला मिळाले आणि ते पैसे त्याने मदतकार्यातच घातले.

हे सगळे झाले तरी मला त्याचा सर्वांत मोठा शोध वाटतो तो एक कागद. रशियातून पळालेल्या लाखो लोकांचे नागरिकत्व सोव्हिएत सरकारने काढून घेतले होते. असा माणूस पॅरिसमध्ये असो की प्रागमध्ये, तो कोणाचाच नव्हता. त्याला नोकरी नाही, कारण ओळखपत्र नाही. दुसऱ्या देशात जावे तर पासपोर्ट नाही. आहे तिथून हाकलले तर जायला जागा नाही. नान्सेनने जुलै १९२२ मध्ये जिनिव्हात सरकारांचे प्रतिनिधी जमवले आणि एका साध्या दाखल्याला त्यांची मान्यता मिळवली. तो दाखला म्हणजे पुढे जगभर ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ओळखला गेलेला कागद. पुढे पन्नासांवर सरकारांनी तो मान्य केला आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसांना तो मिळाला. संगीतकार स्त्राविन्स्की, चित्रकार शगाल, कादंबरीकार नाबोकोव्ह ही त्यांतली नामवंत मंडळी. बाकीचे शिंपी, टॅक्सीवाले, धुणीभांडी करणाऱ्या बायका. नूतनीकरणाच्या वेळी ज्याला परवडे त्याने पाच सुवर्ण फ्रँकांचे तिकीट लावायचे, आणि ते पैसे निर्वासितांच्याच मदतीला जायचे. त्या तिकिटावर मिशाळ नान्सेनचे चित्र. देश नसलेल्यांच्या दस्तऐवजावर राजाचे चित्र कोणाचे छापणार? तेव्हा याचेच छापले.

१९२४ मध्ये हा कागद आर्मेनियनांनाही मिळू लागला. त्यांची गत रशियनांहून वाईट होती. रशियन माणसाचा देश निदान नकाशावर होता. ऑटोमन मुलखातल्या आर्मेनियनांची गावेच गेली होती. घरे दुसऱ्यांच्या ताब्यात, चर्च ओसाड, आणि परत जायला बंदी. १९२७ मध्ये तर तुर्कस्तानने कायदा करून बाहेर राहिलेल्यांचे नागरिकत्वच रद्द करण्याची सोय केली. सीरिया, लेबनान, ग्रीस या देशांत तंबू आणि पत्र्याच्या झोपड्यांत ही माणसे पडून होती. अनाथाश्रमांत अशी मुले होती की ज्यांना आईचे नाव आठवत होते पण गावाचे नाही.

या कागदाचे महत्त्व कळायला फार दूर जायला नको. आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकायला बसणारे तिबेटी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. भारतात जन्मलेल्या त्यांच्यातल्या अनेकांना परदेशी जायचे तर पासपोर्ट नसतो. भारत सरकार त्यांना एक पिवळे ओळखपुस्तक देते. ते पुस्तक नात्याने नान्सेनच्या कागदाचा नातू लागते. १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही, तरी हे पुस्तक दिले जाते, हे आपल्या व्यवहारी भल्या वृत्तीला धरूनच आहे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे पाण्याकडे. महायुद्धात आर्मेनियनांना दोस्त राष्ट्रांनी भरभरून आश्वासने दिली होती. १९२० च्या सेव्ह्र येथील तहात स्वतंत्र आर्मेनियाचा उल्लेख होता. १९२३ मध्ये लॉझानला नवा तह झाला आणि त्यात आर्मेनिया हा शब्दच नव्हता. तीन वर्षांत एक देश कागदावर आला आणि कागदावरून पुसला गेला. त्या वर्षांत आपल्याकडे देशभर खिलाफतीचे वारे होते. खलिफाच्या गादीची काळजी वाहणाऱ्या त्या गदारोळात वाळवंटात मेलेल्या आर्मेनियनांना फारशी जागा नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांनी आपल्या मुलखात आग्र्यापासून मद्रासपर्यंत शतकानुशतके व्यापार केला, मुंबईच्या फोर्टात आणि कलकत्त्यात चर्चे बांधली, ज्यांचे जगातले पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ १७९४ मध्ये मद्रासला छापले गेले, ते लोक आपल्याला इतके परके असायचे कारण नव्हते.

उरला होता तो रशियाच्या बाजूचा छोटा आर्मेनिया, आता सोव्हिएत झालेला. दगडाळ, गरीब, आधीच निर्वासितांनी भरलेला. तरी तो त्यांचा स्वतःचा होता. राष्ट्रसंघाने नान्सेनला सांगितले, बघून या, तिथे आणखी माणसे वसवता येतील का. १९२५ च्या जूनमध्ये तो गेला. बरोबर एक इंग्रज, एक फ्रेंच आणि एक इटालियन असे पाटबंधारे व शेतीचे जाणकार. त्यांनी अरारात पर्वतासमोरचे मैदान पालथे घातले. एकीकडे दलदल, तिचा निचरा केला तर जमीन मिळेल. दुसरीकडे सरदाराबादचे ओसाड माळ, तिथे आरास नदीचे पाणी कालव्याने आणले तर कापूस होईल. पुस्तकाची ही प्रकरणे मी पेन्सिल हातात घेऊन वाचली. सरदाराबादच्या मातीचे वर्णन वाचताना मला दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या शिवारातली उन्हाळी भेगाळलेली जमीन दिसत होती. आपल्याकडे माती काळी आणि पाणी खारे. तिथे माती बरी आणि पाणी दूर. पण शेतकऱ्याचा प्रश्न एकच, पाणी शेताशी येणार कधी?

आराखडा असा होता: छत्तीस हजार हेक्टर, म्हणजे नव्वद हजार एकरांच्या आसपास जमीन ओलिताखाली आणायची आणि त्यावर पंधरा हजार निर्वासित वसवायचे. कर्ज हवे होते दहा लाख पौंडांच्या आतबाहेर. दान नव्हे, कर्ज. कापूस पिकला की फेडायचे. मला या आराखड्यात जे आवडते ते हे की त्यात रडणे नाही. एवढ्या मोठ्या संहारानंतर या माणसाने मातीचे नमुने घेतले, पाण्याचे माप घेतले, एकरी उत्पन्न मांडले. मेलेल्यांची आठवण तो ठेवत होताच, पुस्तकाच्या शेवटी त्याने संहाराचा सगळा वृत्तांत दिला आहे. पण जिवंत राहिलेल्याच्या हाती नांगर द्यावा ही त्याची श्रद्धांजली होती. दुखवट्याच्या सभा आपल्याकडे पुष्कळ होतात. त्या सभेनंतर मृताच्या पोराच्या शाळेच्या फीचे काय, असे विचारणारा एखादाच असतो. नान्सेन तो एखादा होता.

पैसे मिळाले नाहीत. त्याची कहाणी कंटाळवाणी आणि म्हणूनच सांगण्यासारखी आहे. कोणीही नाही म्हटले नाही. समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले, आराखडा काटून लहान केला गेला, आणखी माहिती मागवली गेली, पुढच्या अधिवेशनात पाहू असे ठरले. सरकारी कचेरीत ज्याने फाइल फिरवली आहे त्याला ही चाल ओळखीची वाटेल. १९२४ मध्ये ब्रिटनच्या दोन बड्या नेत्यांनी, बाल्डविन आणि अ‍ॅस्क्विथ यांनी, आपल्या पंतप्रधानांना निवेदन दिले होते की आर्मेनियनांनी आमच्या बाजूने सोसले आहे, त्यांचे देणे आपण लागतो. काही आठवड्यांतच बाल्डविन स्वतः पंतप्रधान झाले. ब्रिटिश खजिन्यातून पैसे आले नाहीत. सोव्हिएत मुलखात पैसा घालायला कोणी धजेना, हे कारण पुढे केले जाई आणि त्यात थोडे तथ्यही होते. पण त्या काळात एका नव्या युद्धनौकेला याच्या कितीतरी पट पैसा लागत असे आणि तो मिळत असे. नॉर्वेसारख्या लहान देशांनी आपला वाटा द्यायची तयारी दाखवली, मोठ्यांनी खिशाला हात लावला नाही. वैतागून नान्सेनने आर्मेनियाच्या कामातून मोकळे करा म्हटले, तर राष्ट्रसंघाने त्याला सोडलेही नाही. तो अमेरिकेत व्याख्याने देत हिंडला. १९२९ मध्ये योजना गुंडाळली गेली. ग्रीनलंडवर मागची वाट बंद करून निघालेल्या माणसाला इथे पुढची वाटच मिळाली नाही.

नान्सेनला देव करावा असे मी म्हणणार नाही. १९२२-२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात सक्तीने लोकसंख्येची अदलाबदल झाली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडे आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तिकडे, धर्म पाहून. त्या योजनेमागे नान्सेनचा हात होता. त्याचे म्हणणे असे की बहुतेक ख्रिस्ती आधीच पळून आले आहेत, निदान उरलेल्यांच्या कत्तली टळतील. टळल्याही असतील. पण माणसाचे गाव त्याच्या धर्मावरून ठरवायचा जो पायंडा पडला त्याचे फळ पुढे कोणी-कोणी चाखले हे १९४७ पाहिलेल्या पिढीला सांगायला नको. अकोल्याच्या सिंधी कॅम्पात ज्यांचे आजे-आजोबा सक्कर-शिकारपूरच्या आठवणी काढत गेले, त्यांना विचारावे. आयुष्यभर गाव नसलेल्यांसाठी झटणाऱ्याने लाखोंची गावे सुटण्याला हातभार लावला. ही गाठ मला अजून सुटलेली नाही.

आर्मेनियाच्या त्या प्रवासात त्याच्या बरोबर चिटणीस म्हणून एक हुशार, अबोल नॉर्वेजियन लष्करी अधिकारी होता. दुष्काळाच्या कामातही त्याने युक्रेनमध्ये चांगली कामगिरी केली होती. त्याचे नाव विदकुन क्विस्लिंग. १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत उतरल्या तेव्हा याच माणसाने त्यांची साथ केली, देशाचा कारभार नाझींच्या वतीने केला आणि १९४५ मध्ये देहान्ताची शिक्षा भोगली. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हणतात तसे युरोपच्या भाषांत फितुराला क्विस्लिंग म्हणतात. नान्सेनच्या सावलीत वावरून, निर्वासितांचे हाल डोळ्यांनी पाहून हा माणूस असा निघाला. उलट नान्सेनचा मुलगा ऑड याने १९३६ मध्ये नाझींपासून पळणाऱ्या ज्यूंसाठी मदतसंस्था काढली. जर्मनांनी त्याला १९४२ मध्ये पकडले आणि युद्ध संपेपर्यंत तो छळछावण्यांत होता. बापाचे पाहून मुलगा शिकतो म्हणावे तर शेजारी बसलेला चिटणीस का शिकला नाही? याला काही उत्तर नाही. असो.

१३ मे १९३० रोजी नान्सेन आपल्या घरी, गच्चीत बसल्या जागी गेला. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्याचा अंत्यविधी झाला. त्याच्या नावाने राष्ट्रसंघाने निर्वासितांची कचेरी काढली. तिने सीरिया-लेबनानात गावे वसवून चाळीस हजारांच्या आसपास आर्मेनियनांना पक्क्या घरात नेले आणि सुमारे दहा हजारांना येरेवानला पोचवले. १९३८ चे शांततेचे नोबेल त्या कचेरीला मिळाले. वंशसंहार या अर्थाचा ‘जेनोसाइड’ हा शब्द १९४४ मध्ये राफाएल लेमकिन या ज्यू वकिलाने घडवला. आर्मेनियनांचे प्रकरण तरुणपणापासून त्याच्या डोक्यात होते. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो गुन्हा ठरवणारा करार केला, १९५९ मध्ये भारतानेही त्याला मंजुरी दिली. अमेरिकेच्या अध्यक्षाने २४ एप्रिलच्या निवेदनात हा शब्द वापरायला २०२१ साल उजाडावे लागले. आणि २०२३ च्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून मोटारींत, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्यांत बसून आर्मेनियात आले. त्यांच्या नावांची नोंद करायला टेबल टाकून बसलेल्यांत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची माणसेही होती. ही संस्था दरवर्षी निर्वासितांसाठी काम करणाऱ्याला जो पुरस्कार देते, तो १९५४ पासून नान्सेनच्या नावाने दिला जातो.

सरदाराबादच्या माळावर पुढे सोव्हिएत राजवटीत कालवे निघाले. आरासचे पाणी आले, आणि नान्सेनच्या जाणकारांनी पाहिलेल्या त्या ओसाड मैदानात पिके उभी राहिली. ज्यांच्यासाठी ती जमीन मोजली होती त्यांच्यातले बरेच जण तोवर बैरुतला चांभारकाम शिकले होते, मार्सेयच्या गोदीत हमाली करीत होते, त्यांची पोरे फ्रेंच आणि अरबी बोलत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, जगभरच्या आर्मेनियनांना परत बोलावण्याची मोहीम निघाली तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास लोक बोचकी बांधून बोटीत चढले.